सुवर्णपदकानंतरची ‘विश्रांती’: धनराज पिल्ले प्रकरण, १९९८-९९

डिसेंबर १९९८, बँकॉक. आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या हॉकीचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. सामना १-१ वर अडकला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. ६.४ मीटरवरून चेंडू मारायचा आणि समोर एकटा गोलरक्षक. आशिष बल्लाळने दोन स्ट्रोक अडवले, भारत ४-२ ने जिंकला. आशियाई स्पर्धेत हॉकीचं सुवर्ण याआधी मिळालं होतं १९६६ मध्ये, तेही बँकॉकलाच. मधे ३२ वर्षं गेली. कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले, वय ३०, आणि त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक गोलही त्याचेच.

१९९९ च्या सुरुवातीला पाकिस्तानविरुद्ध कसोटी मालिका ठरली होती. त्यासाठीचा संघ जाहीर झाला तेव्हा त्यात कर्णधाराचं नाव नव्हतं. धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडू बाहेर होते, दोन स्ट्रोक अडवणारा बल्लाळ त्यांच्यातच. प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक यांच्याकडे प्रशिक्षकपदही राहिलं नाही. भारतीय हॉकी महासंघाने दिलेलं कारण एका शब्दाचं होतं: विश्रांती.

हे प्रकरण पुण्यात अनेकांना तोंडपाठ आहे, पण ते सांगितलं जातं एका ठरावीक पद्धतीने. खडकीचा तापट पोरगा, वरिष्ठांशी भांडला, त्याला काढलं, तो जिद्दीने परत आला आणि ३६ व्या वर्षापर्यंत खेळला. गोष्ट म्हणून छान आहे. पण जिद्द त्या सातही जणांकडे होती, नाहीतर ते भारताच्या संघापर्यंत पोचलेच नसते. म्हणून वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेल्या या टिपणात प्रश्न वेगळा घेतला आहे. तिशीच्या फॉरवर्डला शिखरावर असताना बाहेर काढल्यावर कारकीर्द तिथेच संपायला हवी होती. ती आणखी साडेपाच वर्षं कशावर चालली? माझ्या मते उत्तराचे दोन भाग आहेत. धनराजचा पगार महासंघ देत नव्हता. आणि महासंघाला त्याची गरज कधी आहे, कधी नाही, हे स्पर्धांचं वेळापत्रक ठरवत होतं.

फॅक्टरीचं मैदान

खडकीला हॉकी आली लष्करामुळे. दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचं केंद्र, कँटोन्मेंट, रेंजहिल्सची क्वार्टर्स. या पट्ट्यात दक्षिणेतून नोकरीसाठी आलेली बरीच तमिळ कुटुंबं स्थायिक झाली. पिल्ले कुटुंब त्यातलंच. धनराजचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत आणि कुटुंब फॅक्टरीच्या स्टाफ कॉलनीत राहायचं. मुलं त्याच मैदानात खेळली. मोठ्यांनी टाकून दिलेले चेंडू, मोडक्या स्टिक आणि पावसाळ्यात चिखल. थोरल्या भावांचं बघून शिकायचं आणि डोळ्यांसमोर ठेवायचा भारताचा नामांकित फॉरवर्ड मोहम्मद शाहिद. चेंडू स्टिकला चिकटवून बचावफळीतून पळण्याची धनराजची लकब या मऊ मैदानातून आली, असं तो स्वतः सांगत आला आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून जागतिक हॉकी कृत्रिम टर्फवर गेली होती, हे लक्षात घेतलं तर चिखलात शिकलेला मुलगा पुढे टर्फवर इतका वेगवान ठरला याचं नवल वाटतं.

मोडक्या स्टिकची आठवण सगळे काढतात. मला त्या कॉलनीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे घर, मैदान आणि पगार एकाच मालकाचे होते. खेळ म्हणजे नोकरीला लागून असलेली गोष्ट, हे त्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खडकीत चांगलं खेळणाऱ्या पोराच्या बापाला आजही पहिला प्रश्न हाच विचारतात: ‘कुठल्या डिपार्टमेंटमध्ये लागणार?’ भारतीय संघात कधी येणार, हे नंतर. शहरातल्या मध्यमवर्गाला हे कोतं वाटतं. या प्रकरणात मात्र तोच प्रश्न निर्णायक ठरला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज मुंबईला गेला. तिथे थोरला भाऊ राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून खेळत होता, म्हणजे तीही नोकरीचीच टीम. भारताकडून खेळलेले जोकिम कार्व्हालो यांनी त्याला हेरलं आणि महिंद्राच्या संघात आणलं. १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. नंतर इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरी लागली. ती सरकारी कंपनी होती आणि तिचा हॉकी संघ देशातल्या तगड्या संघांपैकी एक होता.

पैसा कुठून येत होता

नव्वदच्या दशकातल्या भारतीय हॉकीपटूचं अर्थकारण समजल्याशिवाय हा वाद कळत नाही. त्याच्याकडे पैसा तीन वाटांनी यायचा. पहिली वाट नोकरीच्या पगाराची. खेळाडू राष्ट्रीय शिबिरात असो की दौऱ्यावर, पगार चालू राहायचा आणि कार्यालयात त्याची हजेरी खेळाच्या खात्यात मांडली जायची. दुसरी वाट परदेशी क्लबांची. धनराज लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून, फ्रान्समध्ये लियाँकडून, जर्मनीत स्टुटगार्टर किकर्सकडून, मलेशियात आणि ढाक्याच्या अबाहनीकडूनही खेळला. तिसरी वाट म्हणजे महासंघाकडून दौऱ्यावर मिळणारा भत्ता आणि मानधन. या तिन्हींत ती सगळ्यात बारीक.

म्हणजे ज्या संस्थेसाठी खेळाडू देशाचा शर्ट घालतो, तिचा त्याच्या उत्पन्नातला वाटा सगळ्यात कमी. तिच्याशी त्याचा करारही नाही. पण त्याची किंमत तीच ठरवते. भारतीय संघातलं नाव गेलं की परदेशी क्लबचा रस कमी होतो, आणि परदेशात खेळायला जाताना राष्ट्रीय संघटनेचं ना-हरकत पत्रही लागतं. देणं थोडं आणि पकड घट्ट. अशा व्यवस्थेत कधीतरी भांडण होणारच होतं.

धनराजने परदेश दौऱ्याआधी खेळाडूंसाठी बऱ्या सुविधा आणि मॅच फीची मागणी व्यवस्थापनापुढे ठेवली होती, आणि खेळाडूंना मोबदला मिळायला हवा हे तो उघडपणे बोलला होता. वगळण्यामागे हेच कारण आहे असा समज सर्वत्र होता. महासंघाने तो कधी मान्य केला नाही. अध्यक्ष होते पंजाबचे माजी पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल, आणि टीकेपुढे नमतं घेण्यासाठी ते ओळखले जात नव्हते.

महासंघाची बाजूही नीट मांडू. बँकॉक डिसेंबरात संपलं आणि पाकिस्तान मालिका लगेच नव्या वर्षात. तिशीच्या खेळाडूंना श्वास घेऊ द्यावा आणि सिडनी ऑलिंपिकसाठी तरुणांना बघावं, हा विचार एरवी शहाणपणाचा ठरतो. कुठलाही चांगला प्रशिक्षक तो करेल. पण विश्रांती द्यायची असेल तर खेळाडूला आधी सांगतात, परत कधी यायचं तेही सांगतात आणि पुढच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव ठेवतात. आणि खेळाडूंसोबत प्रशिक्षकालाही विश्रांती कशासाठी? हॉकीचा संघ तेव्हा १६ जणांचा असे. त्यात एकाच फटक्यात सात ज्येष्ठ बाजूला, त्यांत पैशाबद्दल बोलणारा कर्णधार. नुसता योगायोग म्हणायला हे जड जातं.

वेळ चुकलेली मागणी

या प्रकरणातला सगळ्यात कमी बोलला गेलेला भाग इथे येतो. बँकॉकच्या सुवर्णपदकाने भारताला २००० च्या सिडनी ऑलिंपिकचं थेट तिकीट मिळालं. खेळाडूंना वाटलं असणार की ३२ वर्षांनी सुवर्ण आणलं, आता आपला शब्द वजनदार झाला. प्रत्यक्षात त्याच पदकाने महासंघाची सर्वात मोठी काळजी मिटवली. पात्रता फेरीत झगडायची वेळ येणार नव्हती. ऑलिंपिकला जवळजवळ पावणेदोन वर्षं होती. पाकिस्तान मालिका प्रतिष्ठेची असली तरी ती हरल्याने भारताची कुठलीही जागा जाणार नव्हती. आंतरराष्ट्रीय महासंघाची क्रमवारीही तेव्हा सुरू झालेली नव्हती. भारत ती मालिका हरला. महासंघाच्या खात्यातून त्याबद्दल काही वजा झालं नाही.

थोडक्यात, टाळ्या सर्वात जोरात वाजत होत्या तेव्हा खेळाडूची वाटाघाटीची ताकद सर्वात कमी होती. हे त्या क्षणी कुणाच्याही ध्यानात येणं अवघड. बँकॉकच्या आधी, पात्रतेचं दडपण महासंघावर असताना, हीच मागणी सर्वांनी मिळून ठामपणे रेटली असती तर? उत्तर कुणीच देऊ शकत नाही, पण प्रशिक्षणार्थींना हा प्रश्न जरूर घालावा.

आणखी एक गोष्ट. मागणी करायला हाताशी कागद लागतो, आणि तोही नव्हता. धनराजचे आंतरराष्ट्रीय सामने ३३९ भरले. त्याने गोल किती केले? महासंघाने गोलांची अधिकृत नोंद ठेवलेलीच नाही. त्याच्या नावावर सुमारे १७० गोल सांगितले जातात, पण तो आकडा कुठल्या दप्तरातला नाही. क्रिकेटमध्ये गल्लीतल्या पोरालासुद्धा आपल्या लाडक्या फलंदाजाची सरासरी दशांशासकट माहीत असते. इथे देशाच्या आघाडीच्या फॉरवर्डचे गोल अंदाजाने मोजायचे! अशा खेळाडूने ‘मी एवढं दिलं, मला एवढं द्या’ कशाच्या आधारावर म्हणायचं?

पुढे काय झालं

धनराजपुढे चार-पाच मार्ग होते. गप्प बसून बोलावण्याची वाट पाहायची. माफी मागायची. निवृत्ती घ्यायची. वर्तमानपत्रांत भांडत राहायचं. किंवा नोकरीच्या आणि क्लबच्या संघातून खेळत राहून फॉर्म टिकवायचा. त्याने शेवटचे दोन एकत्र केले, आणि हे एकत्र करता येणं हीच सवलत होती. ज्याच्या घरातली चूल महासंघाच्या भत्त्यावर पेटते, त्याला वर्तमानपत्रात बोलणं परवडत नाही. धनराजचा पगार इंडियन एअरलाइन्समधून येत राहिला, देशांतर्गत स्पर्धांत त्याला कुणी अडवू शकत नव्हतं, आणि युरोपातल्या क्लबांना तो हवाच होता. त्याच्या तोंडाळपणाचं कौतुक करताना या पाठबळाचं श्रेय आपण विसरतो.

मग दिल्लीतली हवा थोडी बदलली. सरकारने १९९९-२००० चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार धनराजला दिला. ज्याला महासंघाने घरी बसवलं त्याला देशाचा सर्वोच्च क्रीडा सन्मान! सिडनी जवळ आलं तसं संघालाही अनुभवी फॉरवर्ड हवा झाला. २००० च्या ऑलिंपिक संघात धनराज होता, मात्र कर्णधार रमणदीप सिंग. परत घेतलं, पण अधिकार परत दिला नाही. हा तपशील लहान दिसला तरी महासंघाने या वादातून काय राखलं ते त्यातून कळतं.

सिडनीत पोलंडविरुद्ध जिंकलं की उपांत्य फेरी, अशी स्थिती होती. भारत आघाडीवर होता. अखेरच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली आणि १-१ वर सगळं संपलं. भारत सातवा. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला अजूनही पोलंडचं नाव निघालं की तोंड कडू होतं.

यापुढचा काळ माझ्या युक्तिवादात सहज बसत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगतो. पगार आणि वेळापत्रक यांनी धनराजला परत यायची संधी दिली, हे खरं. पण ३४ व्या वर्षी, २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, याचं स्पष्टीकरण नोकरीत सापडत नाही. भारत त्या स्पर्धेत चौथा आला होता. चौथ्या क्रमांकाच्या संघातल्या खेळाडूला हा मान क्वचितच मिळतो. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ ने हरवून पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइडचा, म्हणजे बचावफळीच्या मागे आधीच जाऊन उभं राहायला बंदी घालणारा नियम गेला होता, त्यामुळे खेळ मैदानभर पसरला आणि वेगाने पळणाऱ्या फॉरवर्डला जागा मिळू लागली. या बदलाचा त्याला फायदा झाला असं मला वाटतं. शिवाय उतारवयात तो चेंडू आधीपेक्षा लवकर सोडायला शिकला होता. बाकी श्रेय त्याच्या पायांचं.

२००४ च्या अथेन्सला पुन्हा तीच गाठ. स्पर्धा तोंडावर असताना प्रशिक्षक बदलले आणि जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले. कर्णधार दिलीप तिर्की. पुण्याचाच तरुण विक्रम पिल्ले त्या संघात होता. धनराजचं हे चौथं ऑलिंपिक, पण त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला. भारत पुन्हा सातवा आला आणि ती आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथे थांबली. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई स्पर्धा.

बालेवाडी, जानेवारी २०१०

अकरा वर्षांनी हाच वाद पुण्यात उभा राहिला. दरम्यान २००८ मध्ये भारत पहिल्यांदाच ऑलिंपिकला अपात्र ठरला होता, जुना महासंघ निलंबित झाला होता आणि कारभार हॉकी इंडिया या नव्या संघटनेकडे गेला होता. २८ फेब्रुवारी २०१० पासून दिल्लीत विश्वचषक सुरू होणार होता आणि त्याच्या तयारीचं शिबिर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात चालू होतं. जानेवारीत खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला. कर्णधार राजपाल सिंगसह सगळे एका बाजूला. काही दिवसांत तोडगा निघाला आणि सराव पुन्हा सुरू झाला.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की फरक दिसतो. १९९८ मध्ये एकाच माणसाचं नाव पुढे होतं. २०१० मध्ये कुणा एकाला वेगळं काढणं शक्य नव्हतं. १९९८ मध्ये महासंघाला घाई नव्हती. २०१० मध्ये विश्वचषक घरात होता, तारखा छापल्या गेल्या होत्या, प्रायोजक अस्वस्थ होता. मागणी थोड्याफार फरकाने तीच होती. त्या विश्वचषकात भारताने सलामीलाच पाकिस्तानला ४-१ ने हरवलं, पण शेवटी आठवा आला, आणि ‘पैशासाठी भांडायला पुढे, खेळायला मागे’ असं बोलणारे पुण्यातही भेटले. हा टोमणा मला अन्यायाचा वाटतो. थकबाकी मागणं आणि स्पर्धेतला क्रमांक यांचा संबंध कुणी लावायचा?

आज खडकीतल्या किंवा पिंपरीच्या नेहरूनगरच्या टर्फवर घाम गाळणाऱ्या मुलासाठी यातून एक व्यावहारिक अडचण निघते. धनराजला तारणारी इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. सरकारी विमान कंपनीची नोकरी हा आधार संपला. रेल्वे, तेल कंपन्या, सेनादलं, पोलीस आहेत, पण जागा मोजक्या आणि उमेदवार पंजाब, हरियाणा, ओडिशातून येणारे. टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं त्या भारतीय संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. इथल्या मुलाने भारतीय संघाचं स्वप्न बघताना शिबिरातल्या भत्त्याचे नियम, दुखापतीचा विमा, नोकरीतली रजा आणि परदेशी क्लबसाठीचं ना-हरकत पत्र हे सगळं विसाव्या वर्षीच लेखी विचारून घ्यावं. प्रशिक्षक भडकले तरी चालेल.

हे प्रकरण वर्गात घेताना एक मर्यादाही सांगावी लागते. आपण ते धनराजच्या बाजूने वाचतो, कारण त्याची पुढची वाटचाल सर्वांना ठाऊक आहे. कौशिक यांचंही कळतं; त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या महिला संघाने २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलं. पण त्याच यादीत आणखी सहा नावं होती. त्यांना खेलरत्न मिळालं नाही, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांनी रकाने भरले नाहीत. ‘विश्रांती’ या निर्णयाची खरी किंमत काढायची असेल तर अभ्यास त्यांच्यापासून सुरू करावा लागेल.